दोष विंडोजचा की वीजपुरवठ्याचा? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कोल्हापुरातील कारखानदार आणि छपाई व्यावसायिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : संगणक सारखा बंद पडतो याचे कारण विंडोज, लिनक्स (विंडोजला पर्याय असलेली ऑपरेटिंग सिस्टीम) कधीच क्रॅश होत नाही, म्हणूनच सर्व्हर त्यावर चालतात, १९ जुलै २०२४ रोजी जगभर विंडोज संगणक कोसळले हा याचा पुरावा, आणि ज्यांना विंडोज सोडवत नाही त्यांनी अपडेट बंद ठेवावे व त्रास झाला की फॉरमॅट मारावा.

पहिल्या विधानात तीन वेगळ्या घटना एकत्र कालवल्या आहेत. कोरलड्रॉमध्ये लग्नपत्रिकेची मांडणी करताना प्रोग्रॅम गोठतो आणि बंद पडतो, पण शेजारी उघडलेली टॅली चालूच राहते, तेव्हा विंडोज कोसळलेले नसते. उलट एका प्रोग्रॅमची पडझड त्याने दुसऱ्यापर्यंत पोहोचू दिलेली नसते. विंडोज ९८ च्या काळात ही भिंत कच्ची होती आणि एक प्रोग्रॅम सगळा संगणक घेऊन बुडत असे, हे खरे. मात्र २००१ मध्ये आलेल्या एक्सपीपासून घरगुती विंडोजही एनटी या कार्यालयीन विंडोजच्या गाभ्यावर (कर्नल, म्हणजे सगळ्या यंत्रणेचा कारभार पाहणारा मूळ भाग) चालते. विंडोजबद्दलची बरीच मते त्याआधीच्या अनुभवावर बेतलेली आहेत आणि ती तपासून पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून ‘अ‍ॅप्लिकेशन एरर’ या नोंदीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ समोर कोणत्या फाइलचे नाव आहे ते पाहिले, तर कधी ग्राफिक्स ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे संगणकाचा एखादा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) तर कधी बाहेरून टाकलेला एखादा प्लगइन सापडतो.

निळा पडदा, म्हणजे सगळे थांबून निळ्या पडद्यावर त्रुटीची सूचना येणे, ही दुसरी घटना. येथे खुद्द गाभाच थांबतो, पण त्याला थांबवणारा बहुधा ड्रायव्हर असतो. मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या एका खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या विंडोज व्हिस्टाच्या क्रॅशपैकी २८.८ टक्के ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे, तर सुमारे १८ टक्के मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कोडमुळे झाले होते. मायक्रोसॉफ्टचा वाटा लहान नव्हता, पण सगळा दोष त्याचा नव्हता.

तिसरी घटना आपल्या भागात अधिक विचार करण्याजोगी आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. निळा पडदा येत नाही, सूचना येत नाही, संगणक क्षणात काळा होतो आणि पुन्हा सुरू होतो. विंडोजमध्ये त्यानंतर ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद मिळते आणि अनेक जण तिलाच निदान समजतात. वास्तविक ती एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. त्या नोंदीच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ (निळ्या पडद्याच्या त्रुटीचा क्रमांक) शून्य असेल, तर विंडोजला स्वतःचा क्रॅश नोंदवता आलेला नाही, आणि संशय आधी वीज, एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) किंवा तापमान यांवर घ्यावा लागतो. शिवाजी उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीत ज्या लाइनवर मोठी मोटर सुरू होते, त्याच लाइनवर डिझाइनचा संगणक असेल तर मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली येते; जुना एसएमपीएस तेवढाही क्षण सावरू शकत नाही. फाउंड्रीजवळच्या संगणकात पंख्यावर आणि हीटसिंकवर धूळ साचली, तर प्रोसेसर धोक्याच्या तापमानाला पोहोचताच वीज तोडली जाते. या दोन्ही प्रकारांत विंडोजऐवजी लिनक्स असते तर तेही तसेच बंद पडले असते. यूपीएसची बॅटरी बदलणे आणि कॅबिनेट उघडून ब्लोअरने साफ करणे हे फॉरमॅटपेक्षा स्वस्त आहे, पण ते कोणी पुढे पाठवत नाही.

लिनक्स कधीच कोसळत नाही हे विधान तर लिनक्स वापरणारेही करणार नाहीत. तेथे गाभा थांबतो त्याला ‘कर्नल पॅनिक’ म्हणतात. मेमरी संपली की गाभाच एखादा मोठा प्रोग्रॅम निवडून बंद करतो, आणि वापरणाऱ्याला तो आपोआप नाहीसा झाल्यासारखा वाटतो. सर्व्हरची तुलनाही फसवी आहे. सर्व्हरमध्ये बहुधा चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते, वीज सांभाळलेली असते आणि तो ठरावीक कामेच करतो. आपल्या डेस्कटॉपवर स्कॅनर, प्रिंटर, डोंगल आणि कोणी कोणी दिलेले फॉन्ट एकत्र नांदत असतात.

१९ जुलै २०२४ चा दाखला संदेशाच्या बाजूने वाटतो, पण पूर्ण सांगितला तर फिरतो. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. तो विंडोज अपडेट नव्हता, त्यामुळे विंडोजचे अपडेट बंद ठेवणारेही त्यातून सुटले नसते. आणि ज्यांच्याकडे ते सॉफ्टवेअर नव्हते, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक, त्यांचे संगणक चालूच राहिले. एक मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे : बाहेरच्या कंपनीचा कोड थेट गाभ्यात चालू देणे ही विंडोजच्या रचनेतील जोखीम आहे, आणि अ‍ॅपलने २०१९ च्या कॅटालिनापासून असा कोड गाभ्याबाहेर नेण्याची वाट धरली.

अपडेट बंद ठेवण्याचा सल्ला तर सरळ हानिकारक आहे, कारण सुरक्षेतील त्रुटींची दुरुस्ती अपडेटमधूनच येते. विंडोज १० ला तर ती नियमितपणे मिळणेही थांबले आहे; त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला आहे.

फॉरमॅटने कधी कधी गुण येतो, विशेषतः ड्रायव्हरचा गोंधळ किंवा व्हायरस असेल तेव्हा. पण त्यात विंडोजच्या फोल्डरमधील ‘मिनीडंप’ फाइलही पुसली जाते, आणि क्रॅशचे कारण तिच्यात नोंदलेले असू शकते. म्हणून आधी ती फाइल बाजूला काढावी, मेमटेस्ट (मेमरीतील दोष तपासणारी चाचणी) रात्रभर चालू ठेवावी, आणि पेन ड्राइव्हवरून काहीही इन्स्टॉल न करता लिनक्स सुरू करून त्याच यंत्रावर नेहमीइतकाच भार टाकून पाहावा. तेथेही संगणक अचानक बंद पडला, तर विंडोजकडे बोट दाखवण्याआधी यंत्र आणि वीजजोडणी तपासून घ्यावी लागेल.