तिखटाने चवीच्या कळ्या मरत नाहीत

"कोल्हापूरकरांच्या जिभेवरच्या चवीच्या कळ्या मिरचीनं जळून गेल्यात, म्हणून त्यांना तांबडा रस्सा सोसतो. पोरांना तिखट दिलंत तर त्यांचीही चव कायमची जाईल." असा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

मुळात तिखटपणा चवीच्या कळ्यांना कळतच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन नसांच्या टोकांवरच्या टीआरपीव्ही-१ या रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. एरवी हाच रिसेप्टर साधारण ४३ अंशांपुढची उष्णता टिपतो, म्हणून मेंदूला वाटतं की तोंड भाजलं. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं हे १९९७ मध्ये दाखवलं. २०२१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. घरचा पुरावा हवा असेल, तर लवंगी चिरलेलं बोट चुकून डोळ्याला लागतं तेव्हाचं आठवा. डोळ्यात कुठं चवीच्या कळ्या असतात?

रोज तिखट खाणाऱ्यांच्या या नसा कॅप्सेसिनला कमी दाद देतात, एवढंच. कळ्या शाबूत राहतात, त्यांतल्या पेशीही दहा-पंधरा दिवसांत नव्या होत असतात. तांबडा ओरपणारा माणूस पांढऱ्यात मीठ कमी पडलंय हे पहिल्या घोटातच सांगतो की!

लहानग्यांना तिखट बेतानंच द्यावं, पण ते झोंबतं म्हणून. झोंबलंच तर पाण्याऐवजी दूध द्या. कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, दुधातलं केसिन हे प्रथिन मात्र ते ओढून घेतं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.