फ्रिजला तारे, रस्त्याला काय?

मागच्या महिन्यात स्कूटरचा टायर बदलला. दुकानदाराने नख दाबून रबर दाखवलं, नक्षी दाखवली, "पावसात पकड धरेल बघा" म्हणाला. तिथून निघालो आणि तिसऱ्याच सिग्नलला, पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावर, जेमतेम भुरभुर पावसात आडवा झालो. गुडघा सोलवटला. टायर नवाकोरा होता. रस्त्याचं कुणी काही दाखवलं नव्हतं.

युरोपात २०१२ पासून टायरला लेबल असतं. इंधन किती खाणार, ओल्यात पकड किती, आवाज किती डेसिबल. पण पकड काय एकट्या टायरची असते? खालच्या अर्ध्या भागाला, म्हणजे रस्त्याला, मार्क कोण देणार?

आपण रस्त्याला एकाच विषयात तपासतो: खड्डा आहे की नाही. जंगली महाराज रस्त्याची गोष्ट प्रत्येक पुणेकराला पाठ आहे. १९७६, रेकॉन्डो ही ठेकेदार कंपनी, दहा वर्षांची हमी. अभिमान मलाही आहे. पण त्या गोष्टीतही कौतुक कशाचं, तर खड्डे न पडल्याचं.

आमच्या गल्लीबाहेरचा रस्ता दोन वर्षांपूर्वी काँक्रीटचा झाला. खड्डे गेले, मान्य. मात्र काँक्रीट ताजं, मऊ असतानाच पकडीसाठी त्यावर आडव्या रेघा ओढतात, आणि त्यांच्यावरून गाडी वेगात गेली की शिट्टीसारखा सूर निघतो. आई रात्री दोनला उठून बसते. "आली बघ तुझी लक्झरी." त्याच रेघा रस्त्याच्या लांबीने ओढल्या असत्या तर आवाज कमी झाला असता. आणि तीन डेसिबल कमी होणं ही किरकोळ गोष्ट नाही, रस्त्यावरची निम्मी वाहनं कमी झाल्याइतका तो फरक आहे.

मग नेदरलँड्ससारखं करा, असं कुणीतरी म्हणेलच. तिथल्या बहुतेक हमरस्त्यांवर सच्छिद्र डांबर आहे. साधारण पाचवा हिस्सा पोकळ्याच. पाणी आत मुरतं, पुढच्या ट्रकचे फवारे काचेवर येत नाहीत, आवाजही बराचसा जिरतो. पण त्याची खडी लवकर सुटते, थर लवकर बदलावा लागतो. आणि आपल्याकडे? धूळ, डंपरमधून सांडलेली माती, राडारोडा... दोन पावसाळ्यांत सगळी भोकं बुजलेली असतील. तेव्हा पकड, आवाज आणि टिकाऊपणा या तिन्ही विषयांत पैकीच्या पैकी कुणालाच मिळणार नाहीत. कुठल्या विषयात किती मार्क सोडले, ते निदान सांगा ना!

पर्यावरणाचंही तसंच. सिमेंट करताना चुनखडी भाजते, त्यातून ढीगभर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. काँक्रीट पंचवीस-तीस वर्षं टिकलं तर हिशेब कदाचित जुळेलही, पण तीन महिन्यांत ड्रेनेजसाठी फोडलं तर कसला हिशेब? उलट जुनं डांबर खरवडून पुन्हा वापरता येतं. आमच्याकडे मात्र वर्षानुवर्षं न खरवडताच थरावर थर चढवले. आता रस्ता सोसायटीच्या फाटकापेक्षा वीतभर उंच आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये तळं.

काम सुरू झालं की फलक लागतो: कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम, दोषदायित्व कालावधी (म्हणजे बिघाड झाला तर ठेकेदाराने दुरुस्त करायची मुदत). त्यातच आणखी तीन ओळी हव्यात. ओल्यात पकड किती, आवाज किती, किती वर्षं टिकेल आणि त्यातलं किती परत वापरता येईल. साहेबांचा फोटो थोडा लहान केला की आरामात मावतील.