सिल्लाच्या कबरीतला काचेचा चंबू आणि ती फिरणारी पोस्ट

कोरियातल्या राजाच्या कबरीत रोममध्ये बनलेलं काचेचं भांडं अखंड सापडलं, म्हणजे रोमन लोक तिथे पोचले होते, सिल्ला या कोरियातल्या जुन्या राज्याचे राजे मुळात रोमनच होते, अशी पोस्ट सगळीकडे फिरतेय, सोबत सोन्याच्या मुकुटाचा फोटो. भांडं खरं आहे. सिल्लाची राजधानी ग्योंगजू, तिथली ह्वांगनामदेचोंग ही दोन कबरींची जोडटेकडी 1973 ते 75 मध्ये खणली तेव्हा दक्षिणेकडच्या कबरीत ते मिळालं, साधारण 25 सेंटीमीटर उंच, फिकट हिरवट काच, पक्ष्याच्या चोचीसारखं तोंड, मानेभोवती निळ्या काचेचा बारीक दोरा आणि कानही निळाच.

पण अखंड? अजिबात नाही. सापडले ते तुकडे, नंतर जोडलेत. आणि त्याचा कान तर पुरायच्या आधीच मोडलेला होता, त्यावर कोणीतरी सोन्याची तार घट्ट गुंडाळून तो सांधलाय! भांड्याचा फोटो झूम करून बघाच. सिल्लात सोनं भरपूर होतं, मुकुट, कमरपट्टे, कानातले सगळं सोन्याचं, पण अशी काच दुसरी मिळणं अवघड, म्हणून काच वाचवायला सोनं वापरलं. मला तर ते तिथल्याच सोनाराचं काम वाटतं, आणि पोस्ट नेमकं हेच गाळते.

आता रोमन आले होते का. वस्तू आली म्हणून माणूस आला असं नसतं हो, आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची ब्राँझची मूर्ती निघाली म्हणून कोल्हापूरवर रोमन राज्य होतं असं कोणी म्हणत नाही. माल हातोहात पुढे सरकत जातो. चीनच्या ल्याओनिंगमध्ये फंग सूफू नावाच्या सरदाराच्या कबरीत, तो 415 मध्ये वारला, अशीच पश्चिमेकडची काच मिळाली, त्यात बदकाच्या आकाराचं एक भांडं आहे. तिथून पुढे गोगुर्यो, म्हणजे सिल्लाच्या उत्तरेचं कोरियन राज्य, आणि गोगुर्योचा सिल्लावर तेव्हा चांगलाच वचक होता, 400 साली त्यांनी सिल्लाच्या मदतीला 50 हजार फौज पाठवली असं गोगुर्योच्या ग्वांगगेतो राजाच्या शिलालेखात कोरलंय, आणि ग्योंगजूच्याच दुसऱ्या एका कबरीत त्याच राजाचं नाव असलेला ब्राँझचा वाडगा निघाला. म्हणजे उत्तरेकडून वस्तू येत होत्या याचा पुरावा जागेवर आहे, त्यासाठी रोमन राजे कशाला हवेत?

"रोममध्ये बनलेलं" हेही चूक, हे काम भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडचं मानतात, रोम शहराचं नाही.

राहिला मुकुट. तो सोन्याचा मुकुट उत्तरेकडच्या कबरीतला, आणि ती बाईची आहे, तिथल्या कमरपट्ट्याच्या एका चांदीच्या तुकड्यावर तसं लिहिलेलंच आहे. चंबू ज्या पुरुषाच्या कबरीत होता तिथे सोन्याचा मुकुट नव्हताच, मुलामा दिलेले ब्राँझचे होते.