पहिल्या पाण्यात आटलं

"जागा नाही यात, काका," दुकानातला पोरगा म्हणाला. म्हणाला ते म्हणाला, वर हसला.

पेनड्राइव्ह ६४ जीबीचा. पुतणीच्या लग्नाचं शूटिंग ६०.२ जीबी. चौसष्टात साठ मावत नाहीत, हे मला कोण सांगतंय, तर मिसरूड न फुटलेलं पोर. मी ३१ वर्षं बँकेत कॅशला काढली आहेत. संध्याकाळी हिशेबाला शंभराची एक नोट कमी भरली तर मुकाट्यानं खिशातून घातली आहे. वजाबाकीवरून मला सोलापूरच्या नव्या पेठेत, चारचौघांत, कोणी हसावं?

पोरानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. ५९.६.

"आणि वरचे साडेचार?"

"ते सिस्टिम खाते, काका."

खाते! पोत्याला घूस लागावी तसं सांगितलं.

शेजारच्या स्टुलावर एक वयस्कर गृहस्थ आधारकार्डाची झेरॉक्स काढायला बसले होते. जन्म टॉवेलच्या कारखान्यात गेलेला, हे नंतर त्यांनीच सांगितलं. इतका वेळ ते टोपीनं वारा घेत होते. आता टोपी थांबली.

"किती म्हणलालाय ह्यो?"

"५९.६."

"अन् घेतला किती म्हणून?"

"६४."

त्यांनी हात पुढे केला. मी पेनड्राइव्ह दिला. का दिला, देव जाणे. त्यांनी तो दाराच्या उजेडात धरला, उलटसुलट केला, काठ बघावा तसा कडेवरून अंगठा फिरवला. मग अत्यंत गंभीरपणे विचारलं, "मालक, धुतलात काय ओ?"

"काय?"

"पहिल्या पाण्यात आटतंय. शंभराला सात धरायचं. आमी तेवढं जादाच विणत होतो. ह्यांनी जादा धरलेलं दिसत न्हाई."

"मामा, हे धुवायचं नसतं," पोरगा म्हणाला.

"मग आटलं कसं बे?"

याला पोराकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं.

मामा आता उठून उभे राहिले. "साठ बाय नव्वद म्हणून चादर दिली अन् घरी टेप लावल्यावर साठाचे छप्पन्न भरले, तर गिऱ्हाईक ती चादर आमच्याच डोक्यावर टाकून जाईल. पावती हाय ना? मग जावा की परत! भिताव कशाला?" मागे बोनाफाइडची झेरॉक्स घेऊन उभ्या असलेल्या बाईंनाही त्यांनी साक्षीला ओढलं. त्या म्हणाल्या, आमच्या फोनचंपण असंच आहे. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की साथ गावभर पसरली आहे आणि तुम्ही अजून घरात बसून आहात.

मी परत गेलो नाही. मी घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली, कारण माझा स्वभाव तसला. कंपनीचे ६४ जीबी म्हणजे ६४ अब्ज बाइट. विंडोजवाला कॉम्प्युटर मात्र हजारानं भागत नाही, १०२४ नं भागतो. एकदा भागलं: सव्वासहा कोटी. दुसऱ्यांदा: ६१,०३५. तिसऱ्यांदा: ५९.६. सिस्टिमनं काही खाल्लेलं नाही, पोरगा ठोकून देत होता. तूट काढली तर शंभराला जवळजवळ सात. मामांनी अंगठ्यानं चोळून सांगितला तोच आकडा.

याचा बंदोबस्त कोणी केला नाही असंही नाही. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानं १०२४ वाल्यांचं वेगळं बारसं केलं: किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट. दुकानात जाऊन "६४ गिबीबाइट द्या" म्हणून बघा, पाणी आणून देतील प्यायला. आणि बँकेत आम्ही वापरायचो ती १.४४ एमबीची फ्लॉपी? तिच्यातला मेगाबाइट म्हणजे हजार गुणिले १०२४. ना इकडचा ना तिकडचा. त्यावर आम्ही शाखेचा ताळेबंद ठेवत होतो.

आम्हा सोलापूरकरांना खरं तर याचं नवल वाटायला नको. उजनी धरणात १०० टक्क्यांना ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं, पण त्यातलं ६३ हून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं, टक्क्यांत न धरलेलं. टक्के मोजायचे ते वरच्या ५३ चे. म्हणून उन्हाळ्यात धरण 'वजा' जातं आणि वजा असूनही त्यात पाणी असतं. शून्याच्या खाली पाणी साठवणारा जिल्हा आमचा. नळाला ते चार-चार दिवस येत नाही, तो हिशेब मात्र कुठल्याच एककात बसत नाही.

राग कंपनीवर काढावा म्हटलं, तर खोक्याच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरांत छापलेलं सापडलं: १ जीबी म्हणजे १ अब्ज बाइट. भिंग लावून वाचलं. गल्लीतल्या किराणावाल्यानं पाव किलो शेंगाचटणीत मासाभर मारला तर वजनमापेवाला त्याचा तराजू उचलून नेईल. इथं शंभराला सात जातात आणि कोणी खोटंही बोललेलं नसतं. कंपनी खरं बोलते, कॉम्प्युटर खरं बोलतो, दोघंही त्याला जीबीच म्हणतात, आणि नोट कमी भरते ती माझी. त्यातून कंपनीच्या हिशेबानं मोजलं तर आमचं शूटिंगच ६४.६ जीबीचं निघालं. म्हणजे ते कुठूनही मावणार नव्हतंच. पेनड्राइव्हमध्ये नाही ती नाहीच, भांडायलाही जागा उरली नाही.

१२८ चा घेतला असता तर ही वेळ आली नसती, असं बायको तीनदा म्हणाली. बरोबर आहे. पण मी काय कापड घेत होतो, आटेल म्हणून वाव ठेवायला?

पोरानं शेवटची एक फाइल काढून टाकली आणि बाकीचं कोंबून दिलं. काल पुण्याहून वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, पोरगी मांडवातच बसलीय. पाठवणी कुठंय?"

"आटली, वहिनी," म्हटलं.