प्रवेश झाला, आता विचारायचे कुणाला?

जून संपत आला की माझ्या फोनवर पुण्याहून, सांगलीहून, नाशिकहून अभियांत्रिकीच्या प्रवेशाबद्दल एकाच आशयाचे निरोप येऊ लागतात. २०२५ च्या उन्हाळ्यात थोरल्या बहिणीच्या मुलाने ऑप्शन फॉर्मचा, म्हणजे कॉलेज आणि शाखांच्या पसंतीक्रमाच्या अर्जाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘मावशी, पहिल्या नंबरला काय टाकू ते आजच सांग, पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो.’ त्याचे म्हणणे खरे होते. राज्याच्या सीईटी कक्षाने त्या वर्षी केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या (कॅप) चार फेऱ्या केल्या आणि पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तिनांपैकी एखादी किंवा तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, तर ती जागा स्वीकारणे बंधनकारक केले. फॉर्मवर चाळीसेक ओळी होत्या. वरच्या बारा ओळींत कॉम्प्युटर, मग आयटी, मग एआय-डीएस (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स), मग ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार) आणि तळाशी मेकॅनिकल व सिव्हिल. हा क्रम कसा लावलास असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘कटऑफच्या उतरत्या क्रमाने.’

मी ओहायोतील एका सरकारी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची सल्लागार म्हणून अकरा वर्षे काम करते. अठरा वर्षांच्या मुलामुलींना शाखा निवडायला मदत करणे हीच माझी नोकरी, आणि तरीही भाच्याला त्या रात्री देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तो मला जे विचारत होता ते खरे तर फॉर्मबद्दल होते. त्याच्या मनाविषयी आणि गतीविषयी विचारायला लागणारे काही महिने आमच्या दोघांपाशी नव्हते.

आपल्याकडे या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, अमेरिकेसारखे पहिले वर्ष सर्वांना सारखे ठेवा आणि शाखा नंतर निवडू द्या. दुसरा पक्ष मद्रास आणि खरगपूरसह काही आयआयटींनी पहिल्या वर्षानंतरची शाखाबदलाची सोयच बंद केल्याचा दाखला देतो. त्या सोयीपायी पहिले वर्ष शिकण्याऐवजी चढाओढीत जाते आणि मुले दडपणाखाली राहतात, असे त्यामागचे कारण आहे. दोन्ही पक्षांची कळकळ मला मान्य आहे. मात्र दोघेही निवड कधी करायची यावरच भांडतात आणि निवड करताना मुलाच्या समोर कोण बसलेले असते हा प्रश्न बाजूला राहतो. माझ्या अनुभवात सारे त्यावरच अवलंबून असते.

अमेरिकेतील पद्धतीचे आपल्याकडे रंगवले जाणारे चित्र पुरते खरे नाही. पर्ड्यू, व्हर्जिनिया टेक, टेक्सास ए अँड एम अशा मोठ्या सरकारी विद्यापीठांत विद्यार्थ्याला आधी सर्वसाधारण अभियांत्रिकीत प्रवेश मिळतो आणि शाखा वर्षभराने ठरते, हे बरोबर आहे. पर्ड्यूने तर पहिल्या वर्षासाठी स्वतंत्र विभाग १९५३ सालीच काढला. पण ज्या शाखेकडे गर्दी जास्त, तिथे पुन्हा गुणांची उतरंड येतेच. टेक्सास ए अँड एममध्ये ४ पैकी ३.७५ सरासरी गुणांक असेल तर पहिल्या पसंतीची शाखा आपोआप मिळते. त्याखालच्या मुलांचे अर्ज उपलब्ध जागा आणि इतर बाबी पाहून तपासले जातात. ज्याला कॉम्प्युटरच हवे आहे त्याच्यासाठी पहिले वर्ष म्हणजे नऊ महिने लांबलेली सीईटीच होते. कॅल्क्युलसच्या पहिल्या चाचणीत ‘बी’ आला म्हणून माझ्या खोलीत रडलेली मुले मी दर वर्षी पाहते. शाखाबदल बंद करणाऱ्या आयआयटींची भीती निराधार नाही, हे मी इथे बसून सांगू शकते.

मग फरक पडतो तो कशाने? आमच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर नोंदणीची अटकाव-खूण लावलेली असते, तिला सर्वजण ‘होल्ड’ म्हणतात. पुढच्या सत्राचे विषय निवडायचे असतील तर आधी सल्लागाराला भेटावे लागते. भेट झाली की सल्लागार ती खूण काढतो, त्याशिवाय संगणक पुढे सरकू देत नाही. हुशार असो वा मागे पडलेला, लाजाळू असो वा बोलका, प्रत्येकाला वर्षातून किमान दोनदा अर्धा तास माझ्यासमोर बसावेच लागते. जो मुलगा आपणहून कधीच कुणाला काही विचारणार नाही, तोही त्यामुळे माझ्यापर्यंत पोहोचतो. मला या सगळ्या व्यवस्थेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

त्या अर्ध्या तासात काय करायचे याचाही इथे बराच विचार झालेला आहे. बर्न्स क्रुकस्टन नावाच्या प्राध्यापकाने १९७२ साली सल्ला देण्याच्या दोन रीती वेगळ्या करून दाखवल्या. एकीत सल्लागार वैद्यासारखा औषध लिहून देतो आणि विद्यार्थी ते घेतो. दुसरीत दोघे मिळून प्रश्नाचा शोध घेतात आणि निर्णयाची जबाबदारी हळूहळू विद्यार्थ्याच्या हाती येते. सल्ला देणे हेही शिकवणेच आहे, असे त्याचे म्हणणे होते. १९७९ मध्ये सल्लागारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि आज हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याचे प्रशिक्षण असते, पगार असतो, वार्षिक मूल्यमापन असते. उणिवाही आहेत. माझ्या यादीत यंदा अडीचशेहून अधिक नावे आहेत आणि नोव्हेंबरात पाठोपाठ भेटी घेताना शेवटच्या मुलाला मी सकाळच्या मुलाइतके लक्ष देऊ शकत नाही, याचे मला वाईट वाटते.

तीन वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी मला अजून आठवते. पहिल्या भेटीत तिने कॉम्प्युटर सायन्स सांगितले, कारण विचारल्यावर पगाराचे आकडे सांगितले. मी तिला शाखेबद्दल आणखी काही विचारले नाही. गेल्या पंधरवड्यात कोणता गृहपाठ मुदतीच्या आधी झाला आणि कोणता रात्री अकरा वाजून पन्नास मिनिटांनी जमा केला, एवढेच विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने पिशवीतून वही काढली. पुलाच्या कैचीवरील भारांची आकृती तिने तीन वेगवेगळ्या रंगांत काढली होती आणि समासात स्वतःलाच प्रश्न लिहिले होते : हा दांडा काढला तर काय होईल? ओझे मध्यावरून बाजूला सरकवले तर? प्रोग्रॅमिंगची तिची वही तिने दाखवली नाही, मीही मागितली नाही. त्यानंतर तिला सिव्हिलच्या दोन प्राध्यापकांना आणि एका पूलतपासणी करणाऱ्या अभियंत्याला भेटायला पाठवले, आणि संगणकाचा पुढचा विषय मात्र सोडू नकोस असेही सांगितले, कारण निर्णय तिचा होता आणि दोन्ही दारे उघडी ठेवणे माझे काम होते. एप्रिलमध्ये तिने सिव्हिल लिहिले.

तिच्या घरी हा निर्णय रुचला नव्हता. तिच्या वडिलांनी मला दूरध्वनी करून मुलीचे गुण विचारले, तेव्हा ते सांगता येणार नाहीत असे मला नम्रपणे म्हणावे लागले. १९७४ च्या संघराज्य कायद्याप्रमाणे महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदी त्याच्या संमतीवाचून पालकांना देण्यावर कडक बंधने आहेत. त्या बापाच्या आवाजातली काळजी ऐकताना मला माझे वडील आठवले. नव्वदच्या दशकात बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असताना, फळ्यावर शिल्लक जागांचे आकडे पुसले जात होते त्या सभागृहात ते माझ्या शेजारी उभे होते. माझा क्रमांक पुकारला गेला तेव्हा इन्स्ट्रुमेंटेशनच्या दोन जागा उरल्या होत्या, ‘हेच घे’ असे ते हळूच म्हणाले आणि मी घेतले. त्यांनी माझ्या भल्यासाठीच सांगितले होते. मला काय आवडते हे विचारायला त्या सभागृहात कुणालाच सवड नव्हती, आणि पुढच्या चार वर्षांतही कुणी विचारले नाही.

आज महाराष्ट्रात सल्ल्याचा तुटवडा आहे असे मात्र म्हणता येणार नाही. काही हजार रुपये घेऊन ऑप्शन फॉर्म भरून देणारे काउन्सेलर गल्लोगल्ली आहेत. पर्सेंटाइल सांगितले की ते शक्य असलेल्या कॉलेजांची यादी काढून देतात, आणि त्यांपैकी कित्येक जण आपले काम चोख करतात. पण हा सारा सल्ला प्रवेशाच्या दिवशी संपतो. इथे माझे काम ज्या दिवशी सुरू होते, त्याच दिवशी तिथला सल्लागार हिशेब चुकता करून निघून जातो. एफईचे, म्हणजे पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होतात, एम-वन (गणिताचा पहिला पेपर), मेकॅनिक्स, ग्राफिक्स यांची सबमिशन्स अंगावर येतात आणि मुलाचा संवाद उरतो तो सिनिअरांशी आणि ग्रुपवरच्या अफवांशी.

शाखा एकदा ठरली की विचारण्यासारखे उरतेच काय, असे कुणी म्हणेल. पूर्वी हे काही अंशी खरे होते, आता नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विद्यापीठांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत बहुविद्याशाखीय मायनर, म्हणजे आपल्या शाखेबरोबर दुसऱ्या शाखेतील विषयांचा छोटा संच आला, ऑनर्सचे जादा श्रेयांक आले, मुक्त ऐच्छिक विषय आले. मेकॅनिकलचा विद्यार्थी आता रोबॉटिक्सकडे किंवा वित्तव्यवहाराकडे वळू शकतो, कॉम्प्युटरची विद्यार्थिनी ऊर्जेचे किंवा बांधकामाचे विषय घेऊ शकते. जागा रिकाम्या असतील तिथे पहिल्या वर्षाच्या गुणवत्तेवर शाखाबदलही होतो. दुसरीकडे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांवरची प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवल्यावर कॉम्प्युटर आणि तिच्या भावंडशाखांच्या तुकड्या वाढल्या. म्हणजे एकाच शाखेत पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मुले, आणि त्या शाखेच्या आत निवडायच्या वाटाही अधिक. एवढ्या वाटा उघडल्या आणि वाटाड्या मात्र नेमला नाही, याची मला खंत आहे. माझ्या परिचयातील मुले मायनर निवडतात तो ‘स्कोअरिंग’ कोणता आहे हे विचारून.

वाटाड्याची खुर्ची मात्र आपल्याकडे रिकामी नाही, आणि म्हणूनच मला आशा वाटते. महाराष्ट्रातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक पालक म्हणून नेमलेला असतो; कुठे त्याला जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर) म्हणतात, कुठे टीचर गार्डियन, कुठे मेंटॉर. माझ्याकडे अडीचशे आणि त्याच्याकडे पंचवीस! ही संख्या पाहून इथल्या माझ्या सहकाऱ्यांना हेवा वाटला. माझी एक जुनी मैत्रीण पश्चिम महाराष्ट्रातील एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला गणित शिकवते आणि जीएफएमही आहे. डिसेंबरात मी भारतात आले असताना तिने मला तिचे रजिस्टर दाखवले. आडव्या मोठ्या पानावर रकाने आखलेले होते : हजेरीची टक्केवारी, युनिट टेस्टचे गुण, पालकांशी संपर्काची तारीख, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पानामागून पान एकच मजकूर होता, ‘समज दिली’. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, तपासणीला कमिटी आली की हाच कागद मागते. कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लावायची, घरी फोन करायचा, सही घ्यायची. आठवड्याला अठरा तास शिकवून झाल्यावर उरलेल्या वेळात हे करायचं. मुलाशी बोलायचा रकानाच नाही यात.’

ही तिची चूक नाही, आणि तिच्या महाविद्यालयाची एकट्याचीही नाही. जे काम कार्यभारात मोजले जात नाही ते कागदापुरतेच होते. म्हणून मला वाटते की सामाईक पहिले वर्ष आणायचे की नाही यावर आणखी दहा वर्षे वाद घालण्यापूर्वी, पालक-प्राध्यापकाच्या कामाला आठवड्याचे दोन तास कार्यभारात धरावेत, हजेरीचा पाठपुरावा कार्यालयाकडे द्यावा, आणि प्रत्येक सत्रात प्रत्येक मुलाची एक भेट मायनरचा अर्ज भरण्यापूर्वी अनिवार्य करावी. स्वायत्त महाविद्यालयांना यासाठी मंत्रालयाकडे पाहण्याची गरज नाही, विद्वत्परिषदेचा एक ठराव पुरेसा आहे. घरी फोन करायचा असेल तर आधी मुलाला सांगावे, शक्य झाले तर त्याच्यासमोरच करावा. आपल्या घरांत आईवडिलांना असे बाहेर ठेवणारा इथला कायदा चालणार नाही आणि चालू नये असे माझे मत आहे, पण मुलगा ज्या संभाषणाचा विषय आहे त्यात तो हजर असायला हवा.

मैत्रिणीने माझे म्हणणे ऐकून घेतले आणि रजिस्टरच्या उजव्या कडेला पट्टी ठेवून पेन्सिलीने एक नवा रकाना आखला. वर लिहिले, ‘काय आवडले’. फेब्रुवारीत तिने त्या पानाचा फोटो पाठवला. तेवीस नावांपैकी अकरांपुढे काही लिहिलेले होते, उरलेले कोरे होते. चौथ्या ओळीतली मुलगी एआय-डीएसची आहे आणि तिच्यापुढे लिहिले होते, ‘वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब. घरीही कानस आणून बघितली.’ खाली मैत्रिणीने विचारले होते, ‘हिला आता काय सांगू?’ मी तिला कळवले की सांगू काहीच नकोस, मेकॅनिकलच्या प्रयोगशाळेत एक दुपार तिच्यासोबत जा आणि ती कुठल्या यंत्रापाशी थांबते ते बघ.