सांगलीत बाहेर बसता येत नाही म्हणे!

आठवडाभर एक मेसेज फिरतोय: "सांगलीत चार महिने ऊन, चार महिने पाऊस. पारा चाळिशीला टेकला की बाहेर चिटपाखरू नसतं. बागा-कट्ट्यांवर पैसा कशाला? एसी हॉल बांधा. सावलीच हवी तर पत्र्याची शेड टाका." हा मेसेज खरा मानून उद्या कुणी झाडं तोडतील, म्हणून लिहितोय.

आधी पाऱ्याचं. वेधशाळेचा ४० अंशांचा आकडा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर मोजतात. म्हणजे तो सावलीतला. अंगाला जाणवतं ते वरचं ऊन, फरशीची धग, वारा आणि दमटपणा मिळून. एप्रिलात आपली हवा कोरडी, घाम लगेच वाळतो. म्हणून भर दुपारीही आमराईत झाडाखाली माणसं टेकलेली असतात आणि दहा पावलांवरचा उन्हातला बाक रिकामा असतो. पारा दोन्हीकडे जवळपास तेवढाच! तो बाक सावलीत सरकवला तर तिथंही लोक बसतील.

पत्र्याची शेड तर नकोच. पत्रा तापतो आणि तीच धग खाली डोक्यावर सोडतो. झाड मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून हवेत सोडतं, त्यात उष्णता खर्ची पडते, म्हणून पान पत्र्यासारखं तापत नाही. पिंपळ तर माघ-फाल्गुनात पानं गाळतो नि चैत्रात पालवतो. थंडीच्या शेवटी ऊन खाली येऊ देतो, कडक उन्हाला सावली धरतो.

पावसाचं म्हणाल, तर सांगली पर्जन्यछायेत आहे. धो धो कोसळतो तो महाबळेश्वर-कोयनेला, इथं बऱ्याचदा भुरभुर आणि उघडीप. पुरात कृष्णाकाठचा घाट बंद हवाच. नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना गेलं की इशारा मिळतो, २०१९ चा ऑगस्ट कोण विसरेल? पण पूर काही दिवसांचा असतो. बाकी दिवस लोक येत नाहीत ते ओल्या बाकांमुळे आणि चिखलामुळे. छप्पर असलेला एक कट्टा आणि पाणी मुरेल अशी जमीन एवढ्यानं भागतं.

हिवाळ्यातलं सकाळचं कोवळं ऊन त्या मेसेजमध्ये औषधालाही नाही.

आणि एसी हॉल? त्याचं यंत्र आतली उष्णता बाहेर रस्त्यावरच फेकतं. मंडईतल्या भाजीवाल्या मावशी तिथं जाणार नाहीत. त्या दुपारचा डबा झाडाखालीच सोडतात, आणि पाटी शेजारी ठेवून घटकाभर पाय लांब करतात.