फिरणारे चाक आणि ग्राहकाच्या माथी मारलेला दोष

सामन्याचे थेट प्रक्षेपण मध्येच अडकले आणि आपण ग्राहक सेवेकडे विचारणा केली, की उत्तर ठरलेले असते. राउटर बंद करून चालू करा, अ‍ॅपचा कॅशे साफ करा, तेवढ्याने भागले नाही तर अ‍ॅप काढून पुन्हा टाका. मागच्या हंगामात मी एका सेवेकडे लेखी तक्रार केली होती आणि तीत स्पष्ट नमूद केले होते, की टीव्हीवर घरच्या वाय-फायने आणि मोबाइलवर सिमच्या डेटाने, अशा दोन वेगळ्या वाटांनी येणारी एकच वाहिनी एकाच वेळी अडकते आहे. तरीही सल्ला आला तो राउटरचाच. बिघाड शोधण्याचे काम ग्राहकावर ढकलायचे आणि त्यासाठी लागणारी माहिती मात्र आपल्याकडेच ठेवायची, या पद्धतीला माझा आक्षेप आहे.

चित्रपट किंवा मालिका पाहताना अ‍ॅप पुढचा बराच भाग आधीच उतरवून ठेवते, त्यामुळे नेट थोडा वेळ गेले तरी आपल्याला पत्ताही लागत नाही. थेट प्रक्षेपणात ही सोय नाही, कारण जो चेंडू अजून टाकलाच गेलेला नाही तो साठवणार कुठून? अ‍ॅपलने 2009 मध्ये आणलेल्या आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एचएलएस या नेटवरून चित्र पाठवण्याच्या पद्धतीत प्रक्षेपणाचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. सहा सेकंदांचा तुकडा धरला आणि प्लेयर नेहमीप्रमाणे तीन तुकडे मागे राहिला, तर हातात अठरा सेकंदांचा साठा असतो आणि तो संपला की पडद्यावर ‘थांबा’ सांगणारे चाक फिरू लागते. शेजारच्या डीटीएचवर गडी आधी बाद होतो तोही बहुतांशी याच साठ्यामुळे. त्याला बिघाड समजून राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

मात्र प्रत्येक अडथळा एकाच जातीचा नसतो आणि पडद्याकडे नीट पाहिले तर तो बरेच काही सांगतो. चित्र धूसर झाले पण थांबले नाही, तर वेग कमी झाल्यामुळे अ‍ॅपने हलक्या प्रतीचे चित्र निवडले आहे, म्हणजेच यंत्रणा आपले काम चोख करते आहे. आवाज येतो पण पडदा काळा राहतो, तेव्हा नेटला दोष देण्यात अर्थ नसतो. तिथे बहुधा कॉपी-संरक्षणाची कुलुपे जुळत नसतात, विशेषतः टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सच्या मध्ये जुना एचडीएमआय स्प्लिटर (एका केबलचे चित्र अनेक टीव्हींना वाटणारी डबी) असेल तर. महागडा प्लॅन घेऊनही एखाद्या स्वस्त बॉक्सवर एचडी दिसत नाही, याचे कारण अनेकदा त्या बॉक्सला गुगलच्या वाइडवाइन संरक्षणाची एल1 ही वरची पातळी नसणे हे असते आणि ते विकताना कोणी सांगत नाही. प्रत्येक वेळी जाहिराती संपल्या की नेमके चित्र गोठत असेल, तर मूळ प्रक्षेपण आणि जाहिरात यांच्या सांध्यात काहीतरी बिनसले असण्याची शक्यता अधिक. तो सांधा आपल्या दिवाणखान्यात नसतो.

घरातल्या दोषांबद्दलही प्रामाणिक राहिले पाहिजे, कारण ते कमी नाहीत. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही सोसायटीत मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली, तर आपल्या नावाखाली शेजाऱ्यांच्या जाळ्यांची रांगच लागते. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल जेमतेम तीन, आणि त्यातच सगळ्या मजल्यांची गर्दी. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण भिंती ओलांडताना त्याचा जीव जातो, आणि आपण राउटर ठेवतो तो चपलांच्या कपाटावर किंवा शोकेसच्या मागे! शक्य असेल तर टीव्हीला थेट लॅन केबल जोडून पाहावी. एवढ्याने चित्र सुधारले तर दोष वाय-फायचा होता हे सिद्ध होते आणि पुढची सगळी वादावादी वाचते. दुसरे असे, की रिमोटचे लाल बटण दाबल्याने बहुतेक स्मार्ट टीव्ही पुरते बंद होत नाहीत, फक्त झोपी जातात. भिंतीवरचे बटण बंद करून मिनिटभराने पुन्हा चालू केल्यावर अडकलेले अ‍ॅप चालू लागते, ते त्यामुळे. टीव्हीचे घड्याळ चुकीची तारीख दाखवत असेल, तर सुरक्षिततेची प्रमाणपत्रे नाकारली जाऊन काही अ‍ॅप उघडतच नाहीत, हेही पाहून घ्यावे.

स्पीड टेस्टचा आकडा दाखवून तंत्रज्ञ आपल्याला गप्प करतात, त्यावर फार विसंबू नये. ही चाचणी जवळच्या सर्व्हरपर्यंतचा वेग मोजते आणि तो सर्व्हर अनेकदा आपल्याच इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात असतो. तिथवर 100 एमबीपीएस मिळाले, म्हणून प्रक्षेपणाच्या सर्व्हरपर्यंतची वाट संध्याकाळी आठ वाजता मोकळी असेलच असे नाही.

ही सारी तपासणी ग्राहकाने अंदाजाने करायची, हेच मला अन्यायाचे वाटते. कोणता तुकडा वेळेवर आला नाही, सर्व्हरने कोणते उत्तर दिले, चित्राच्या किती चौकटी (फ्रेम) गळाल्या, याचा हिशेब अ‍ॅप आतल्या आत ठेवतेच. यूट्यूबच्या प्लेयरमध्ये ही माहिती उघडून पाहता येते. थेट वाहिन्या विकणाऱ्यांनी तेच साध्या मराठीत का दाखवू नये? 19 नोव्हेंबर 2023 रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्याइतके तंत्र आपल्या देशात आहे. त्या तुलनेत ‘बिघाड आमच्याकडे आहे, राउटरला हात लावू नका’ ही एक ओळ पडद्यावर दाखवणे काहीच नाही.

तोपर्यंत तक्रार करताना वेळ, वाहिनीचे नाव आणि त्रुटीचा क्रमांक लिहून पडद्याचा फोटो जोडावा, आणि त्याच क्षणी सिमच्या डेटावर काय दिसले हेही त्यात टाकावे. पैसे घेऊन सेवा न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 असा आहे आणि तिथे तक्रार नोंदवायला वकील लागत नाही.